शाळेच्या आवारातली नवीन ड्रॉप-पिकअप व्यवस्था : एका आईचा सविस्तर रिव्ह्यू

शाळेचं नाव लिहीत नाहीये कारण दोन्ही मुलं तिथेच शिकतात, पण नाशिकमधली गंगापूर रोडच्या बाजूची मध्यम आकाराची शाळा, समोर बऱ्यापैकी मोठं ग्राउंड, रस्त्याला लागून दोन मोठी गेट, एक छोटं गेट आणि मागे सायकल स्टँड, एवढं कळलं तरी पुढचं सगळं समजेल. शाळेबद्दल विचारलं की आपल्याकडे शिकवतात कसं, फी किती, बाथरूम स्वच्छ आहेत का, इथपर्यंत सगळे भरभरून सांगतात पण शाळा सुटल्यावर गेटच्या आत गाड्यांचं काय होतं हे कोणी सांगत नाही आणि मला विचाराल तर ॲडमिशन घेताना हे आधी बघायला पाहिजे. माझा मुलगा आठवीत आहे सकाळच्या सत्राला, मुलगी दुसरीत दुपारच्या सत्राला, त्यामुळे दोन्ही वेळची गर्दी रोजच्या रोज डोळ्यासमोर असते.

आधी रेटिंग देऊन टाकते, पाचपैकी चार. आणि त्या चारातले निम्मे मार्क एका अशा बदलासाठी आहेत ज्याला शाळेला दोन बोर्ड रंगवण्यापलीकडे खर्चच आला नाही, ते पुढे सांगते.

आधी काय होतं ते सांगायला पाहिजे नाहीतर फरक कळणार नाही. पूर्वी लहान मुलांची शाळा सकाळी भरायची आणि साडेअकराला सुटायची, मोठ्यांची दुपारी सव्वाबाराला भरायची, मधे चांगला पाऊण तास मोकळा मिळायचा. मग फेब्रुवारी २०२४ मधे सरकारचा निर्णय आला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत, निर्णय लहान मुलांच्या झोपेसाठी चांगलाच होता, पण दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना सगळं वेळापत्रक फिरवावं लागलं. आमच्या शाळेने मोठ्यांना सकाळी घेतलं आणि लहानांना दुपारी, आणि तास बसवता बसवता मधला पाऊण तास दहा मिनिटांवर आला. म्हणजे सव्वाबाराला पाचवी ते दहावीची मुलं सायकली घेऊन बाहेर पडणार, त्यांच्या व्हॅन त्याच वेळी निघणार, आणि त्याच वेळी बालवाडी ते चौथीची मुलं स्कूटरवरून, रिक्षातून, बसमधून आत येणार, सगळं एकाच ग्राउंडवर. टीचर लोकांच्या गाड्याही तिथेच लावलेल्या, प्रार्थनेच्या जागेपासून पाच फुटांवर. मुलं काय, मुलंच ती, मित्र दिसला की सुसाट पळतात, बॉल गाडीखाली गेला की वाकून काढायला जातात, आणि तेवढ्यात एखादी व्हॅन रिव्हर्स घेत असते. काही विपरीत घडलं नाही ही देवाची कृपाच पण रोज छातीत धस्स व्हायचं, माझ्याच नाही, वॉचमन काकांच्या सुद्धा, ते तसं बोलूनही दाखवायचे.

तर पालक सभेत हा विषय निघाला आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात उपाय एकच होता की अजून दोन वॉचमन ठेवा, शिट्ट्या द्या, सीसीटीव्ही लावा. मुख्याध्यापिका मॅडमनी मात्र वाहतूक शाखेतले एक निवृत्त अधिकारी बोलावले होते, पालकांपैकीच एकाचे सासरे, त्यांनी शाळेची बस ग्राउंडवर उभी केली आणि आम्हाला एकेक करून ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं, आणि बसच्या पुढे, अगदी बंपरला लागून, पहिलीची चार मुलं उभी केली. मी बसले तेव्हा काचेतून मला समोरचं ग्राउंड, झाड, झेंड्याचा खांब सगळं स्वच्छ दिसत होतं आणि चार मुलांपैकी एकही दिसत नव्हतं. नंतर एका मुलीने हात वर केला तेव्हा फक्त बोटं दिसली. माझ्या मागे बसलेल्या पालकाला तर मुलं तिथे आहेत हेच खरं वाटेना, ते उठून खाली बघून आले. मोठ्या एसयूव्हीचं पण तेच, बॉनेट एवढं उंच असतं की पहिली-दुसरीचं पोरगं जवळ असेल तर ड्रायव्हरला दिसतच नाही. त्या अर्ध्या तासात सभेचा सूरच बदलला. ड्रायव्हर कितीही सांभाळून चालवणारा असला तरी जे दिसतच नाही त्याला तो काय करणार, त्यामुळे मूल आणि चालती गाडी एका जागी येताच कामा नये, सगळं त्या हिशोबाने लावायचं असं ठरलं, आणि माझ्या मते ही व्यवस्था चांगली झाली ती इथूनच.

आता तो बिनखर्चाचा बदल. रस्त्यावर उभं राहून शाळेकडे तोंड केलं तर डाव्या हाताला एक मोठं गेट, उजव्या हाताला दुसरं, आणि समोर ग्राउंडच्या पलीकडे बिल्डिंग. पूर्वी उजवीकडचं गेट ‘इन’ होतं आणि डावीकडचं ‘आऊट’, का ते कोणालाच माहीत नाही, वर्षानुवर्षं तसंच चालू होतं. तेव्हा उजवीकडून आत आलं की गाडी डावीकडे वळून बिल्डिंगसमोरून जायची, म्हणजे बिल्डिंग गाडीच्या उजव्या हाताला पडायची. आणि आपल्याकडे बसचं दार डाव्या बाजूला, रिक्षातून उतरायचं डाव्या बाजूने, व्हॅनचं दार डाव्या बाजूचंच उघडतात, स्कूटरवरून पण मूल डावीकडेच उतरतं. म्हणजे प्रत्येक मूल बिल्डिंगच्या उलट्या बाजूला उतरायचं आणि वर्गात जायला गाडीच्या पुढून नाहीतर मागून आडवं जायचं, म्हणजे जिथे ड्रायव्हरला दिसत नाही नेमकं तिथून! शेकडो मुलं, रोज. गेटचे बोर्ड अदलाबदल केले आणि हे सगळं एका दिवसात संपलं. आता गाडी डावीकडच्या गेटने येते, उजवीकडे वळते, बिल्डिंग डाव्या हाताला येते आणि मूल उतरतं ते सरळ ओट्यावर पाय ठेवतं, एकही चाक ओलांडायला लागत नाही. शिवाय रस्त्यावरून येताना गाडी डावीकडेच वळून आत शिरते आणि बाहेर पडतानाही डावीकडेच वळते, समोरून येणाऱ्या ट्रॅफिकला कापायचा प्रश्नच नाही. पूर्वी आत जाणारी आणि बाहेर येणारी रांग गेटसमोर एकमेकांत घुसून जो गोंधळ व्हायचा तोही गेला. तुमच्या मुलांच्या शाळेत आत शिरल्यावर बिल्डिंग कुठल्या हाताला येते हे उद्या जाऊन नक्की बघा, बऱ्याच ठिकाणी उलटं असतं आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

ह्याचा एक त्रास आहे तो पण सांगते, समोरच्या दिशेने येणाऱ्या पालकांना आता उजवीकडे वळून आत येऊ देत नाहीत, पुढच्या चौकातून वळसा घालून यावं लागतं. मी स्वतः त्याच बाजूने येते. पाच-सात मिनिटं जास्त जातात, सकाळी ऑफिसच्या घाईत ती पाच मिनिटं पण खूप वाटतात हे मान्य, आणि काही जण गेटवर येऊन वॉचमन काकांशी अजूनही हुज्जत घालतात ते बघून वाईट वाटतं, ते काका सत्तरीला आलेले, उन्हात उभे राहून आपल्याच पोरांसाठी करतायत.

दुसरी गोष्ट म्हणजे रिव्हर्स पूर्ण बंद. व्हॅन आणि बस शाळा सुटायच्या आधी येऊन तिरक्या लावायच्या, तोंड बाहेरच्या गेटकडे, इंजिन बंद, आणि घंटा झाल्यापासून शेवटचं मूल गाडीत बसेपर्यंत एकही गाडी हलवायची नाही. मग पीटीचे सर शिट्टी देतात आणि सगळ्या एकामागून एक निघतात, त्या गेल्या की मग दुचाकीवाल्या पालकांना आत सोडतात. सुरुवातीला व्हॅनकाका लोकांनी खूप कुरकुर केली कारण त्यांना पुढच्या शाळेची ट्रिप गाठायची असते, पण पूर्वी एकमेकांत अडकून जेवढा वेळ जायचा त्यापेक्षा आता लवकर सुटतात हे त्यांना पण कळलं आणि आता तेच नवीन आलेल्याला दटावतात, ‘ए, घंटा झाली, चावी काढ’.

दोन सत्रांमधलं अंतर दहा मिनिटांवरून पंचवीस केलंय, मोठ्यांची एक छोटी सुट्टी कमी करून. मुलगा वैतागला, डबा खायला वेळ मिळत नाही म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, ह्यावर शाळेने अजून विचार करायला हवा. चालत आणि सायकलने येणाऱ्यांना छोटं गेट दिलंय, तिथून गाडीला प्रवेशच नाही, आतमधे सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची. टीचर लोकांच्या गाड्या मागच्या बाजूला गेल्या आणि मधे साखळी लावली, शाळा चालू असताना ती साखळी काढत नाहीत, मग भले ट्रस्टी येवोत. ग्राउंड खरंच मुलांचं ग्राउंड झालं.

सामानाबद्दल थोडं, कारण बऱ्याच शाळा आणि सोसायट्या हेच विकत घेत असतील. ते काळे-पिवळे रबरी स्पीड ब्रेकरचे तुकडे बोल्टने ठोकतात ना, ते अजिबात घेऊ नका. आमच्याकडे एका पावसाळ्यात निम्मे सुटले आणि खाली लोखंडी खिळे वर आले, चपला घातलेल्या मुलांच्या पायात जातील असे, आणि अरुंद असल्यामुळे स्कूटर एवढी आपटते की पुढे उभं राहिलेलं मूल हँडलवर आदळतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे मानक ठरवणारी संस्था) मापाचा स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने आरामात ओलांडता येईल असा पसरट, शाळेने आता आत तसाच डांबराचा करून घेतलाय आणि गाड्या खरंच हळू होतात. प्लॅस्टिकचे हलके कोन वाऱ्याने उडतात, जड रबरी बुडाचे घ्या. बिल्डिंगच्या कोपऱ्यावर जिथून बस वळते तिथे गोल बहिर्वक्र आरसा बसवलाय, त्याला पूर्ण मार्क. ओट्यावर लाल-निळ्या-हिरव्या रंगाने उतरायचे नंबर टाकलेत, पहिली गाडी सगळ्यात पुढच्या नंबरला जाऊन थांबायची, आपल्या वर्गासमोरच थांबायचा हट्ट करायचा नाही, एका वेळी आठ गाड्या रिकाम्या होतात.

बस आणि व्हॅनबाबत शाळेचं काम चांगलं पण अर्धवट आहे. आपल्या राज्यात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असलीच पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, बसवाल्यांचे प्रतिनिधी असे सगळे त्यात असतात. किती पालकांना हे माहीत असतं? आमच्याकडे ही समिती आधी फक्त कागदावर होती, आता तिची मीटिंग होते आणि काय ठरलं ते नोटीस बोर्डावर लावतात. बसमधे ताई असते, ती आधी खाली उतरते, मुलं उतरवते, बसच्या पुढून-मागून बघते आणि मगच ड्रायव्हरला हात दाखवते. हे नियम कुठून आले तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे, नोव्हेंबर १९९७ मधे दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली, २८ मुलं गेली, त्यानंतर सुप्रीम कोर्टाने स्पीड गव्हर्नर (बसचा वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र), पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहिणं, प्रथमोपचाराची पेटी, खिडकीला आडवे गज, अनुभवी ड्रायव्हर, सोबत माणूस हे सगळं सक्तीचं केलं. एवढी किंमत मोजून मिळालेले नियम आहेत ते, पालकांनी बस लावताना एकेक विचारून घ्यायला काहीच हरकत नाही.

अर्धवट म्हटलं ते व्हॅन आणि रिक्षांसाठी. गेटच्या आत सगळी शिस्त पण त्याच व्हॅनमधे मुलं किती कोंबलीत हे शाळा मोजत नाही, ‘ते पालकांचं आणि व्हॅनवाल्यांचं आपापसातलं आहे’ असं उत्तर मिळतं. मला हे अजिबात पटत नाही. गाडी शाळेच्या ग्राउंडवर येते, शाळेची मुलं घेऊन जाते, तर परमिटवर जेवढी सीट आहे त्यापेक्षा जास्त मुलं बसली तर ती गाडी हलू द्यायची नाही, एवढं तरी शाळेने करायलाच हवं. एक स्टार कापला तो मुख्यतः ह्याच्यासाठी.

मोठ्या मुलांच्या स्कूटरबद्दल मात्र शाळा खमकी आहे. नववी-दहावीची मुलं सर्रास ॲक्टिव्हा घेऊन यायची आणि दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत आत यायची. आता शाळेने आजूबाजूच्या दुकानदारांना पण सांगून ठेवलंय आणि सगळ्या पालकांकडून लिहून घेतलंय. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द होतं आणि त्या मुलाला वयाच्या २५ पर्यंत लायसन्स मिळत नाही. हे सभेत वाचून दाखवल्यावर एकदम शांतता पसरली होती. कमी स्पीडच्या, २५० वॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक गाड्यांना लायसन्स लागत नाही त्यामुळे काही मुलं आता त्या घेऊन येतात, त्या आवाज न करता अंगावर येतात म्हणून शाळेने त्यांनाही सायकलचाच नियम लावलाय, गेटला उतरायचं आणि ढकलत न्यायची. बरोबर केलं.

हेल्मेटचं काय सांगू, इथे दोष आपलाच म्हणजे पालकांचा. नाशकात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम झाली होती, तेव्हापासून डोक्यावर हेल्मेट असलेले आई-वडील भरपूर दिसतात पण पुढे-मागे बसलेलं पोर उघड्या डोक्याने. कायद्याने ४ वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, आणि त्याहून लहान मुलासाठी तर २०२३ पासून हेल्मेट, पालकाला बांधून घ्यायचा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियमच आहे. मुलांचं हेल्मेट शाळेत ठेवायचं कुठे, हा बहाणा असायचा, तर शाळेने व्हरांड्यात खुंट्या ठोकल्या, रोल नंबर टाकले. माझ्या मुलीची खुंटी १९ नंबरची, लांबून हेल्मेट अचूक फेकून अडकवायचा तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा खेळ चालतो, त्यामुळे आता घरातून निघताना तीच आठवण करते. दुसरी ब च्या सगळ्या खुंट्या भरलेल्या दिसल्या की मला फार बरं वाटतं.

आरएसपीच्या म्हणजे शाळेच्या रोड सेफ्टी पेट्रोल पथकातल्या मुलांना पूर्वी गेटबाहेर रस्त्यावर उभं करायचे, गणवेश घालून हात दाखवायला. ते बंद झालं हे उत्तम. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने बसला हात दाखवून थांबवायचं, हे काम त्याचं नाहीच. आता ती मुलं आतमधे ओट्यावर लहानांच्या रांगा धरतात, दप्तर उचलून देतात, आणि ते काम ती फार प्रेमाने करतात. तिडके कॉलनीतल्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कला पण वर्गवार नेऊन आणलं, तिथले छोटे सिग्नल आणि झेब्रा बघून आल्यापासून मुलगी मला रस्ता ओलांडताना तीन वेळा थांबवते.

जिथे व्यवस्था कोलमडते ते म्हणजे पाऊस. जून-जुलैमधे जोराची सर आली की प्रत्येकाला गाडी दारापर्यंत हवी असते, छत्र्यांमुळे कोणाला काही दिसत नाही, ओट्यावर शेड अर्ध्याच भागात आहे त्यामुळे सगळी मुलं तिकडेच गोळा होतात आणि आठ नंबरांपैकी तीनच वापरात राहतात. उरलेली शेड पूर्ण करणं ही माझ्या मते पहिली गरज आहे, त्यासाठी वर्गणी मागितली तरी मी देईन. शनिवारी पण जरा सैल कारभार असतो, पीटीचे सर मुलांना घेऊन मॅचला गेले की शिट्टीला कोणी नाही, दुसरा माणूस तयार करायला हवा. आणि गॅदरिंगच्या दिवशी तर साखळी काढून ग्राउंडवर गाड्या लावू दिल्या, ते मला बिलकुल आवडलं नाही, त्या दिवशी मुलं जास्त उत्साहात असतात आणि अंधार पण असतो.

गेटबाहेरचा रस्ता शाळेच्या हातात नाही हे समजू शकते. तरी मुंबईत भायखळ्याला ख्राइस्ट चर्च शाळेच्या रस्त्यावर पालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया ही शहरांवर काम करणारी संस्था ह्यांनी मिळून रंग आणि अडथळे वापरून मुलांना चालायला वेगळी जागा काढून दिली होती, तसं काही इथे व्हावं म्हणून आम्ही काही पालकांनी अर्ज तयार केलाय. ताशी ४० ने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, आणि आमच्या छोट्या गेटपासून रस्ता तेवढाही लांब नाही. सह्या गोळा करणं चालू आहे, ह्याच शाळेचे पालक असाल तर शनिवारी छोट्या गेटजवळ मी असते, येऊन सही करा.

नवीन ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी, दुपारच्या सत्राला मूल असेल तर १२:३५ च्या आधी येऊच नका, व्हॅन निघेपर्यंत आत सोडत नाहीत, उगाच रस्त्यावर रांग वाढते. व्हॅन लावायच्या आधी परमिटवर सीट किती ते स्वतः वाचा. आणि जवळ राहत असाल तर चालत आणा, छोट्या गेटची वाट सगळ्यात छान आहे, बाजूने कडुलिंबाची सावली पण आहे.